येऊ नकोस आणि यायला नको

शारजातल्या रोल्ला भागातली जुनी खोली सोडून आम्ही अल नहदात राहायला आलो, तेव्हा आमच्या मुलीला नववं लागलं होतं. नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव होता, आणि हिला पाण्याची भयंकर भीती. लहान असताना खोरफक्कानच्या समुद्रात ती एकदा लाटेखाली गेली होती. तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेतानासुद्धा ती माझा हात घट्ट धरायची. तिच्या त्या हात धरण्याची मला सवय झाली होती.

आमच्या वर तीन मजले सोडून एक बाई राहायची. भाषा डच, पण हॉलंडची नव्हे, बेल्जियमची. नवरा बंदरातला गाळ काढणाऱ्या जहाजावर इंजिनिअर होता. मूलबाळ नव्हतं. लिफ्टमध्ये एकदा बोलणं निघालं आणि लग्नाआधी मी सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, हे तिला कळलं. ती लगेच म्हणाली, "यू मस्ट टीच मी."

मला तो हुकूमच वाटला. पुढे कळलं, ही सगळ्यांशी अशीच बोलते. दुकानदाराला मस्ट, वॉचमनला मस्ट. तिला एका हॉटेलात पोहायला शिकवण्याची नोकरी हवी होती, आणि तिचा अर्ज वाचला की कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटायचं. "यू मस्ट आन्सर मी बिफोर थर्सडे." कोण देणार होतं नोकरी?

शेवटी असं ठरलं, की मी तिला इंग्रजी शिकवायचं आणि तिने माझ्या मुलीला पोहायला.

मस्ट कुठे, हॅव टू कुठे, नुसता सल्ला द्यायचा तर शुड, हे मी तिला रोजच्या गोष्टींतून समजावायचे. ती कपाळाला आठ्या घालून ऐकायची. "आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द," असं म्हणून हसायची. मस्ट नॉट म्हणजे सक्त मनाई आणि गरज नसेल तेव्हा नीड नॉट, हेही मी शिकवलं. तिने मान डोलावली. शिक्षकाला मान डोलावलेली फार आवडते.

थोड्याच दिवसांत मी टॉवेल घेऊन गच्चीवर गेले, तर मुलगी पाण्यावर उताणी तरंगत होती. पाठीखाली त्या बाईचा एकच तळवा. डोळे मिटलेले, चेहरा अगदी निवांत. मी हाक मारली, ती पाण्यामुळे तिला ऐकू गेली नाही. मी टॉवेल खुर्चीवर ठेवून खाली आले. वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता.

मग मुलीच्या बोलण्यात ती बाई शिरली. "आय मस्ट स्टिल ईट," मुलगी शाळेतून आल्या आल्या म्हणाली.

"हॅव टू म्हण," मी म्हटलं. "आय स्टिल हॅव टू ईट."

"बट शी सेज मस्ट."

"तिला येत नाही, म्हणून तर ती माझ्याकडे शिकते ना?"

"शी सेज यू आर व्हेरी स्ट्रिक्ट," एवढं बोलून ती पोहण्याचा चष्मा शोधायला गेली. मी इंग्रजीची शिक्षिका, आणि माझी मुलगी माझ्याच घरात बेल्जियमचं इंग्रजी बोलत होती.

एका शुक्रवारी शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. आदल्या संध्याकाळी बाईचा फोन आला. "टुमारो यू मस्ट नॉट कम. आय टेक हर."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. तो दुबईला अल क्वोजमधल्या गोदामात स्टोअरकीपर होता, नुकताच ट्रॅफिकमधून दमून आला होता. "अगं, कशाला त्रास घेतेस, असं म्हणायचं असेल तिला."

"मी स्वतः शिकवलंय. मस्ट नॉट म्हणजे मनाई."

"मग खलास, जाऊ नको."

"जाणारच," मी म्हटलं.

टॅक्सी करून गेले. सगळ्यात वरच्या रांगेत बसले. ती बाई तलावाच्या कडेला उभी होती, हातात आमच्या घरचा टॉवेल. शिट्टी वाजली, मुलींनी सूर मारले. मुलगी चौथी आली. पाण्यातून वर आली आणि इकडेतिकडे न बघता धावत गेली ती त्या टॉवेलात. बाईने तिला गुंडाळून उचललंच.

मी खाली उतरले. मला बघून बाईचा चेहरा फुलला. "ओह, यू केम! यू मस्ट नॉट!"

"का नाही?" मी इंग्रजीतून मोठ्याने विचारलं. "आई आहे मी तिची!"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. बाई लालेलाल झाली. "नो, नो. आमच्याकडे असं म्हणतात. नॉट नेसेसरी. इतकं ऊन आहे, आणि उन्हाने तुझं डोकं दुखतं." माझं डोकं दुखतं हे तिला मुलीने सांगितलं असणार.

तेव्हा मला कळलं. उद्या सुट्टी जाहीर झाली की आपली मुलं ओरडतात ना, शाळेला जायला नको! त्यात मनाई कुठे असते? तिने 'यायला नको' म्हटलं होतं, मी 'येऊ नकोस' ऐकलं होतं. राग तिथल्या तिथे विरघळला. पण उलट पंचाईतच झाली. जळायला कारण उरलं नाही, आणि जळणं मात्र तसंच राहिलं.

"आई, डिड यू सी माय डाइव्ह?" मुलीने विचारलं.

"पाहिला," मी म्हटलं. सूर मारला तेव्हा मी त्या बाईकडे बघत होते.

बाईला पुढे ती नोकरी मिळाली. मुलाखतीत तिने मॅनेजरला "यू नीडन्ट डिसाइड टुडे" म्हटलं, हे सांगायला ती मुद्दाम खाली आली, पेढ्यांऐवजी चॉकलेटं घेऊन. माझ्या गळ्यात पडली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वर्षभरातच तिच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं आणि ती दोघं सिंगापूरला निघाली. गाडी वळल्यावर मुलगी तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. मधे वडील आजारी म्हणून मी एकटीच सांगलीला जाऊन राहिले होते, तेव्हा ही अशी रडली होती का?

जेवताना मी नवऱ्याला तेच विचारलं.

"तेव्हा? छे," तो भाकरी मोडत म्हणाला. "मजेत होती. रोज वर पोहायला जायची."

मी त्याला आमटी वाढली.

काही दिवसांनी त्याच बिल्डिंगमधली एक कोरियन बाई शिकवणीबद्दल विचारायला आली. भली दिसत होती, हसरी. मी तिला सकाळची वेळ दिली, मुलगी शाळेत असतानाची.