तिसऱ्या मजल्यावरचं शेततळं

चिकलठाण्यातल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सरकारनं शेततळं मंजूर केलं होतं.

दोष सरकारचा नव्हता. आईची जमीन करमाडजवळ. तिथली मोसंबी दर उन्हाळ्यात माना टाकायची आणि आई डोक्यावरून पाणी आणून एकेक झाड जगवायची. पावसाचं पाणी साठवायला शेततळं खोदलं तर अनुदान मिळतं, हे तिला कळलं. ती अर्जासाठी सेतू केंद्रावर निघाली, तर मी छाती फुगवून म्हणालो, "आई, घरात इंजिनियर असताना केंद्र कशाला?"

आणि सोफ्यावर लोळत मोबाइलवर अर्ज भरला. ('जागेवर उभे राहून लोकेशन नोंदवा' अशी सूचना होती म्हणे. पण सूचना वाचेल तो इंजिनियर कसला!)

महिन्याभरानं मंजुरी आली आणि जागा बघायला कृषी सहायक बाई स्कूटीवरून थेट आमच्या गेटात. वॉचमनला म्हणाल्या, "शेततळं कुठं खोदायचंय?"

वॉचमननं सेक्रेटरींना सांगितलं, सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत अख्खी इमारत पार्किंगमध्ये! एका काकांनी तर आपली कार काढून रस्त्यावर नेऊन लावली.

"पोकलेन कधी येणार?" त्यांनी मला दरडावून विचारलं.

"अहो काका, नाही येणार—"

"म्हणजे हातानं खोदणार?" सेक्रेटरी किंचाळले. "पाया खचला तर?"

बाईंनी मोबाइल वर केला. "लोकेशन तर इथलंच आहे. इथं जमीन नाही, म्हणजे अर्ज रद्द. पुढच्या वर्षी नवीन भरा."

मी लगेच मान डोलावली. "चालेल मॅडम."

"काय चालंल?" जिन्यातून आवाज आला. आई पदर खोचत उतरत होती. "तुझं चालंल! माझी झाडं वर्षभर थांबतील व्हय?"

"आजी, नियम आहे," बाई म्हणाल्या.

"नियम काय म्हणतो?"

"जागा प्रत्यक्ष बघायची."

"मंग बघ की! पोरगं खुळं हाय माझं, जमीन खुळी नाय!"

सगळी इमारत हसली. (सेक्रेटरी गरजेपेक्षा जास्त.)

"पण आजी, मी आता रद्दचं बटन—"

"दाबलं का?"

"अजून नाही."

"मंग मोबाइल ठिव पर्समधी, आन् गाडी चालू कर. तू रद्द केलंस तर उद्या तुझ्या हापिसात येऊन बसते. भाकरी बांधून!"

बाईंनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि स्कूटी चालू केली. नऊवारीतली आई मागं बसली आणि दोघी जालना रोडनं भुर्रर्र! मी मोटारसायकलची चावी शोधतच राहिलो.

मी पोचेपर्यंत आईनं त्यांना सगळं रान फिरवलं होतं. पावसाचं पाणी कोणत्या उतारानं येतं, कुठं थांबतं, सगळं दाखवून झालं होतं.

"एवढी झाडं डोक्यावर पाणी आणून जगवली, आजी?" बाई विचारत होत्या.

"मंग काय! हा काय सोफ्यावरून पाणी सोडणार व्हय?"

बाईंनी तिथंच लोकेशन दुरुस्त करून घेतलं. उन्हाळ्यात तळं खोदलं, पावसाळ्यात काठोकाठ भरलं.

आता करमाडात कुणीही कुठल्याही योजनेचा अर्ज भरायचा म्हटलं, की आधी मला फोन करतो. आणि मी सांगेन त्याच्या बरोब्बर उलटं तो भरतो. आजवर एकाचाही अर्ज परत आलेला नाही!