लिहून आण, सही करतो

जनवाड्याच्या आमच्या 'इकडंतिकडं' अक्कावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पीएच.डी.च्या अर्जांच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ नेमकी सांगते, कारण भौतिकशास्त्र विभागातल्या घड्याळाखाली मी तिच्या शेजारीच उभी होते.

हे नाव पडलं, कारण अक्काला नुसता आकडा सांगताच येत नसे. "बस साडेआठला येती, दहा मिनिटं इकडंतिकडं." बाप गवंडी. तो भिंत चढवायला लागला की ही लहानपणी पट्टी घेऊन उभी. "अप्पा, एक सूत कललीय. अर्धं सूत इकडंतिकडं." अप्पा शिव्या द्यायचा आणि वीट काढायचा. एम.एस्सी.ला गेल्यावर तिला कळलं की मोजमापाबरोबर त्यातली चूकही सांगायची, हा शास्त्राचाच नियम आहे. त्या दिवशी तिनं गावभर सांगितलं, जणू कुणी जमीन नावावर करून दिली होती.

माझी पत्रकं ती छापायच्या आधी वाचायची. वसतिगृहाच्या पाण्यासाठी आम्ही मोर्चा काढला तेव्हा मी 'हजारो विद्यार्थी' असं ठोकून दिलं होतं.

"मोजलीस का गं?"

"लई गर्दी होती अक्का."

"नव्वद होते. पाच इकडंतिकडं. नव्वद लिही. नव्वद पोरं तहानलेली असली तर पुरे न्हाई का तुला?"

मी नव्वद लिहिलं. आजही खोटा आकडा लिहायला माझा हात धजत नाही.

तर, ती पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा पास झाली. आमच्या पाच-सहा गावांत भौतिकशास्त्रात इथवर कुणी पोचलं नव्हतं. एका मोठ्या संस्थेत मुलाखतीच्या अर्जासोबत आपल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र पाठवायचं होतं. सरांकडे गेलो. सर म्हणाले, "लिहून आण, सही करतो."

आमच्याकडं सगळं असंच चालतं. वर्तणुकीचा दाखला असो की रहिवाशाचा, मजकूर घेणाऱ्यानं आणायचा, देणाऱ्यानं शिक्का मारायचा. झेरॉक्सच्या दुकानात शिफारसपत्र तयारच असतं: कष्टाळू, प्रामाणिक, उज्ज्वल भविष्य. नाव तेवढं बदलायचं. अक्कानं ते वाचून परत दिलं. "ह्यात नाव सोडलं तर माझं काय हाय?"

मग बसस्टँडच्या बाकड्यावर बसून तिनं स्वतःचं पत्र लिहिलं. सिद्धांत लवकर समजतो. आकडेमोडीत घाई करते, दहातलं एखादं गणित चुकते. विभागात एकच चालू यंत्र असल्यानं प्रयोगाचा सराव कमी पडला आहे.

"कामून स्वतःच्या चुका लिहायलीस? तारीफ लिही की."

"सरांनी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, तेच लिहायले. त्यांच्या नावानं खोटं कसं लिहू?"

तिला खरंच वाटत होतं की दोन वर्षांत सरांनी तिला एवढं ओळखलंय.

मंगळवारी अकरा वीसला सर फोनवर बोलत होते. बोलता बोलता सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्याकडं सरकवला. मजकुरावरून नजरसुद्धा फिरली नाही.

मुलाखतीत त्या मोठ्या संस्थेतल्या एकानं तेच पत्र वाचून दाखवलं. "तुमच्या सरांचाच तुमच्यावर भरवसा नाही, आम्ही कसा ठेवायचा?" निवड झाली नाही.

"सांगायचं न्हाई का, मीच लिहिलंय म्हणून?" मी भांडले.

"सांगितलं असतं तर सरांची सही खोटी ठरली असती. मग मागून येणाऱ्या पोरींचं पत्र कोण वाचणार?"

मी सरांकडं गेले. ते म्हणाले, "असलं लिहीत असतात का? मला काय माहीत? दिवसाला किती सह्या करतो मी." मग समजुतीनं पुढं म्हणाले, "तुमच्यात आता सगळेच शिकायलेत, चांगलंय. तिला बी.एड. करायला सांग." 'तुमच्यात' म्हणजे कुणात, ते त्यांनी सांगितलं नाही. बुद्धविहारात वाढलेल्या आम्हा दोघींना सांगायची गरजही नव्हती.

अक्का आता हुमनाबादच्या एका कारखान्यात पिंपांतल्या रसायनाचे नमुने तपासते. मागच्या महिन्यात तिथल्या बसस्टँडवर भेटली. बोटांची कातडी सोललेली. म्हटलं, यंदाचे अर्ज सुटलेत, भर.

"पुन्हा पत्र लागतंय," ती म्हणाली. "कुणाचं आणू?" भालकीची गाडी लागली, तशी तीच मला म्हणाली, "जा, जागा धर."

हे वाचणारे तुम्ही शिकवत असाल, तर उद्या दारात पत्रासाठी आलेल्या पोरीला 'लिहून आण' म्हणू नका. तिला समोर बसवा. काय शिकलीस, कुठं अडलीस, ते विचारा आणि तुमच्या हातानं लिहा. लिहायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणा. ती दुसरं दार शोधेल.

आणि सर, हे पत्रक तुमच्या टेबलावर मी स्वतः ठेवणार आहे. अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. फोन खाली ठेवा आणि अक्काचं पत्र लिहा.