दुसऱ्याच्या हातचा कॅथोड

बाईंना चांगली बातमी सांगायची म्हणजे धास्तीच वाटायची. इतर प्राध्यापक विद्यार्थ्याचा प्रयोग साधला की मिठाई मागवत. आमच्या बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोणी केला?"

"मीच, बाई."

"मग अजून व्हायचाय. वही दुसऱ्याला दे, त्याच्या हातून होऊ दे."

दिल्लीतल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटऱ्यांसाठी नवा कॅथोड, म्हणजे धन टोकाचा पदार्थ, शोधत होतो. दिसायला काजळासारखी भुकटी. बाई मूळच्या पुण्याच्या, पण अर्धं आयुष्य दिल्लीच्या मयूर विहारात गेलेलं. मराठीत रागवायच्या आणि हिंदीत माफ करायच्या.

चौथ्या वर्षी माझा कॅथोड साधला. कितीही वेळा चार्ज करा, बॅटरी दम सोडेना. मुनिरक्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी राजासारखा वावरत होतो. वही प्रीतीकडे गेली. ती रोहतकची, माझी ज्युनिअर आणि माझ्याहून दसपट नेटकी. तिची बॅटरी दोन दिवसांत बसली. पुन्हा केली, पुन्हा तेच. "भैया, मैंने तो सब वैसे ही किया," म्हणताना तिचे डोळे भरले. मी आकडे फुगवले अशी कुजबुज सुरू झाली. पीएचडीच काय, इभ्रतही पणाला लागली. प्रीतीकडून वही परत घेतली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"खोटारडा नाहीस तू, आळशी आहेस," बाई म्हणाल्या. "काहीतरी लिहायचं राहिलंय. उद्या तू कर, मी नुसती बसते."

दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून त्या माझ्याशेजारी बसल्या, त्या जेवायलाही उठल्या नाहीत. संध्याकाळी भट्टी बंद झाली. जरा निवल्याबरोबर मी चिमट्यानं भुकटी भाजायची गरम मूस उचलली आणि थेट ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे ओलावा नसलेल्या बंद काचपेटीत, सरकवली.

"थांब! हे वहीत कुठाय?"

"त्यात काय लिहायचं, बाई? मला धीरच धरवत नाही."

प्रीती शहाण्यासारखी भुकटी सकाळपर्यंत भट्टीतच निवू द्यायची. ऑगस्टातली दिल्लीची दमट हवा तेवढ्यात भुकटीत शिरून तिची वाट लावायची.

"अरे, तुझा उतावळेपणा हाच कृतीचा भाग आहे की! लिही, लिही," म्हणत बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

प्रीतीनं तसंच केलं आणि तिची बॅटरी टिकली. बाईंनी पाठ थोपटली ती प्रीतीची. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते लागलं होतं.

पुढे बाई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. मी आता नोएडाच्या एका कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात तिथं त्याच कॅथोडची पहिली मोठी खेप निघाली. ती करणाऱ्या कामगारांना माझं नावही ठाऊक नव्हतं. मी हात खिशात घालून लांब उभा राहिलो, कशालाही शिवलो नाही. त्या भुकटीची बॅटरी टिकली, तेव्हा बाईंना फोन लावला. त्यांनी सवयीनं विचारलं, "कोणी केला?" मी कामगारांचं सांगितलं.

मग म्हणाल्या, "आता तो तुझा राहिला नाही रे."

एवढा मोठा मान मला आजवर कोणी दिलेला नाही. फोन ठेवला आणि फाटकाशी उभा राहून मी पोटभर रडलो.