दुधातले कण

ती राधानगरीकडची. सकाळी म्हशीची धार काढून, डेअरीत दूध घालून एसटीनं कोल्हापूरला यायची. प्रयोगशाळेत मी तिला तीन वर्षांनी सीनियर. औषध शरीरात हव्या त्या जागी पोचवणारे, डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचे, हे आम्हा दोघींचं काम. मी ते कृत्रिम पॉलिमरचे करत होते. चार दिवसांत माझे कण एकमेकांना चिकटायचे आणि बाटलीच्या तळाशी साका बसायचा.

ती आल्यावर महिन्याभरातच आमच्या सरांना म्हणाली, "सर, दुधात केसीनचे, त्या प्रथिनाचे, बारीक कण असत्यातच की. वासराला लागणारं कॅल्शियम तेच घिऊन जात्यात. त्यातच औषध भरलं तर?"

सर खुर्चीतून उठून तिच्या टेबलापाशी गेले. तीन वर्षांत माझ्या टेबलापाशी ते कधी आपणहून आले नव्हते. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्यानंतर महिन्याभरात तिचे कण जमलेही. पुण्याच्या परिषदेत पोस्टर मांडायला सरांनी तिचंच काम निवडलं. आता फक्त कणांचा आकार मोजायचा राहिला होता. ते यंत्र विभागात एकच. वेळ रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्यायची. मी सोमवार ते शनिवार, सगळ्या रकान्यांत माझं नाव लिहून टाकलं.

"ताई, एक तास द्या की," ती म्हणाली.

"माझे खूप नमुने आहेत गं."

नमुने कुठले! आठवडाभर मी त्या यंत्रात नुसतं पाणी मोजत बसले.

पुढच्या सोमवारी तिला यंत्र मिळालं. तिचे कण फ्रीजमध्ये आठ दिवस पडून होते, तरी एकमेकांना चिकटले नव्हते; सगळे सारख्याच बारीक आकाराचे. सर म्हणाले, "इतके दिवस टिकतात हे तर सोनं आहे! हेच आधी मांड." म्हणजे तिच्या पोस्टरवरचा सगळ्यात भारी आकडा, ते आठ दिवस, माझ्यामुळंच निघाला होता.

ती पुण्याहून बक्षीस घेऊन आली. तिनं आणलेला पेढा मी टेबलावर तसाच ठेवला. शेवटी मी म्हणाले, "त्या आठवड्यात मी नुसतं पाणी मोजत होते."

"ठाऊक हाय मला. यंत्रात समद्या फाइली दिसत्यात की."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार हुतो. लई राग आलता. पर त्या आठ दिसांनीच माझं काम झालं की." तिनं माझ्या कणांची बाटली उजेडात धरली. "ह्यांच्यावर केसीनचा थर देऊन बघूया का? चिकटायचे न्हाईत."

मी लगेच हो म्हणाले नाही. पंधरा दिवस तिच्याशी धड बोललेही नाही. मग एका दुपारी कुणी नसताना मी गुपचूप तो थर देऊन बघितला. महिना झाला तरी साका बसला नाही.

तिला सांगावंच लागलं. पुढचा शोधनिबंध आम्ही दोघींनी मिळून लिहिला. कल्पना तिची, म्हणून पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. ते रास्तच आहे. तरीही कुणी तो निबंध उघडला की माझी नजर आधी त्या पहिल्या नावावर जाते, आणि तिथं अजून माझंच नाव शोधते.