मोठ्या बाईंची हरवलेली पावती

मुलांच्या वॉर्डातल्या हेड नर्सला सगळे मोठ्या बाई म्हणत. बाई म्हणजे नाकासमोर चालणारं माणूस. हात न धुता कोणी बाळाजवळ गेलं, की मग तो डॉक्टर असो नाहीतर बाळाचा आजोबा, बाईंनी त्याला माघारी धाडलंच म्हणून समजा.

अशा बाईंनी एका दुपारी भर चौकातल्या कारंज्यात पाय बुडवले.

झालं असं, की वॉर्डात गोवराची साथ आली आणि बाईंना सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. पाय सुजून टम्म. बसला अवकाश होता. समोर कारंजं, गार पाणी, ओळखीचं कुणी नाही. बाईंनी बूट-मोजे काढले, पाय सोडले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पुढ्यात नगरपालिकेचा शिपाई, हातात वही.

"बाई, पाटी वाचता येते ना?"

येत होती. त्यानं नाव विचारलं, पत्ता विचारला. बाईंनी गडबडीत दवाखान्याचाच पत्ता दिला. त्यानं कागद फाडून हातात ठेवला. लाजेनं अर्धमेल्या झालेल्या बाईंनी तो न बघताच युनिफॉर्मच्या खिशात कोंबला आणि ओल्या पायांनीच बस गाठली.

दंडाची आठवण झाली तिसऱ्या दिवशी. युनिफॉर्म तर धुवायला गेला! बाई जिना उतरून दवाखान्याच्या धुलाईघरात धावल्या. तिथल्या मामांनी त्यांच्या तळहातावर कागदाच्या लगद्याची पांढरी गोळी ठेवली.

"खिसे तपासून कपडे टाका, असं तुम्हीच भिंतीवर लिहून लावलंय, बाई."

मग बाईंचा जीव टांगणीला लागला. पावतीशिवाय दंड भरायचा कसा? नाही भरला तर समन्स येणार, तेही दवाखान्यात. कालपर्यंत ज्यांना शिस्त शिकवली, त्या पोरी तोंडावर पदर धरून हसणार. टपाल आलं, की बाई आधी धावत. चोराच्या मनात चांदणं, तशी गत. आठवडाभर घास गोड लागेना.

शेवटी मुलीनंच विचारलं, "आई, तू चहात मीठ घातलंयस. काय झालंय ते सांग बघू."

बाईंनी सांगितलं. मुलीनं ओठ घट्ट दाबून सगळं ऐकलं.

"अगं, मग ऑफिसात जाऊन सांगायचं ना, हरवली म्हणून! चल, मी येते."

नगरपालिकेच्या खिडकीपुढे लांबलचक रांग होती. बाईंचा नंबर आला, तसा कारकुनानं मान न उचलता विचारलं, "गुन्हा?"

बाई काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोला, बाई. पंखा वाजतोय."

बाईंना फक्त वॉर्डातला मोठा आवाज ठाऊक. तोच निघाला. "कारंज्यात पाय बुडवले!"

हॉलभर माना वळल्या. मागचे एक आजोबा काठीवर वाकून कळवळ्यानं म्हणाले, "पाणी गार होतं का हो?"

सगळी रांग खो-खो हसली. कारकूनही. बाईंना हसावं की रडावं कळेना. कारकुनानं तारीख विचारून शिपायाची वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हा दंड नाहीच. समज दिलीय नुसती. बघा, शिपायानं लिहिलंय: 'रुग्णसेविका, पाय सुजलेले, पुन्हा करू नये.' कागद वाचला नाहीत का तुम्ही?"

औषधाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय हलू न देणाऱ्या बाईंनी आता वहीतली ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे… काही भरायचं नाही?"

"काही नाही. फक्त रांग सोडा, मागं माणसं खोळंबलीत."

बाहेर येऊन बाई पायरीवर मटकन बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मुलगीही हसत शेजारी बसली. "आई, त्या शिपायाचे निदान आभार तरी मान हो कधी."

"मानते. आणि उद्या चहाला वॉर्डातल्या पोरींना हे मीच सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. आठवडाभराची तुंबलेली झोप एकदम आली आणि मोठ्या बाई लेकीच्या खांद्यावर मान टाकून घोरू लागल्या. त्यांचा थांबा आला, गेला. लेकीनं उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसनं दोघी परत आल्या.