दुधाच्या खिडकीपाशी

तिसऱ्या चमच्याला बाळ निळं पडलं.

मी चमचा टाकला, बाळाला कुशीवर वळवलं, तोंडातलं दूध ओढून काढलं, तळपायांवर टिचक्या मारल्या. थोड्या वेळाने ते रडलं आणि ओठ गुलाबी झाले. खिडकीपाशी बाळाची आई उभी होती. ती मघापासून बाळाशी बोलत होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी प्रीमी रूमची, म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीची, इनचार्ज सिस्टर होते. इन्फेक्शनच्या भीतीने आयांना आत मज्जाव होता. त्या बाहेर शेडमध्ये राहायच्या आणि फीडच्या वेळी वाटीत दूध काढून खिडकीतून द्यायच्या. वाटी दिली की निघायचं, असा माझा नियम होता. माझी खोली देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत असते, असं सगळे म्हणत आणि मला त्याचा फार अभिमान होता.

ती आई म्हणजे विमल, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. पहिलटकरीण. मुलगी दीड किलोची होती. अशा बाळांना चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, म्हणून नाकातून पोटात बारीक नळी घालून दूध देतात. पुढे वाटी-चमचा आणि मग अंगावर. ही पोर चमच्यापर्यंत आली होती. इकडे विमलचं दूध हळूहळू कमी होत होतं, कारण बाळ अंगावर ओढत नसलं की ते आटतं. मुलीने तोंडाने प्यायला लवकर शिकायला हवं होतं.

विमल वाटी देऊन निघायची नाही. खिडकीशी उभी राहून अहिराणीत बोलत राहायची, “पी वं माय, पी. मी आठेच शे. बठ्ठा गाव तुनी वाट देखी राहिना.” मी इथेच आहे, सगळा गाव तुझी वाट पाहतोय, असं ती पोरीला रोज सांगे; चार दिवस मी ते चालवून घेतलं होतं.

त्या दिवशी मात्र मी खिडकीकडे वळले आणि म्हणाले, “तुझ्या बडबडीने पोर दचकली. उद्यापासून वाटी द्यायची आणि जायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही.”

ती खाली मान घालून गेली.

खरं काय झालं होतं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. दोन काचपेट्यांपलीकडचं बाळ रडत होतं म्हणून मी घाईत होते. पहिला घोट गिळायच्या आत मी दुसरा चमचा ओतला, लगेच तिसरा. दूध श्वासनलिकेच्या वाटेला गेलं. चूक माझ्या हाताची होती आणि खापर मी तिच्या आवाजावर फोडलं.

त्यानंतर विमल येई, वाटी ठेवी आणि मुकाट्याने निघून जाई. चौथ्या दिवशी राउंडला आमच्या डॉक्टर सरांनी चार्ट उलटून पाहिला.

“सिस्टर, दहाचं आणि एकचं फीड आधी सगळं तोंडाने जायचं. बाकीची निम्मी. आता ही दोन्हीही निम्म्यावर आली. काय बदललं?”

त्या दोन वेळांना विमल स्वतः यायची आणि बोलत राहायची, इतर वेळी तिची सासू वाटी देऊन जायची, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

“वीकनेस असेल, सर,” मी म्हणाले.

सरांनी पुन्हा नळी घालायला सांगितली. आणखी आठवडा गेला. विमलची वाटी आता जेमतेम बुडाशी ओली येऊ लागली. ती पाहून मला जेवण गोड लागेना. शेवटी सरांना गाठून मी तिला आत घेण्याची परवानगी मागितली. त्यांनी कारण विचारलं तर मी एवढंच म्हणाले, करून पाहू. ते हो म्हणाले.

विमलला हात धुवायला लावून गाऊन घातला आणि मुलीला तिच्या मांडीवर दिलं. मी अर्धा चमचा भरून धरला. विमल एक शब्द बोलेना. मग हळूच म्हणाली, “बाई, मी आते तिनासंगे बोलू का? चाली ना?”

स्वतःच्या लेकराशी बोलायची परवानगी ती माझ्याकडे मागत होती. मला लाज वाटली. “बोल,” मी म्हणाले.

ती बोलू लागली. पोरीने डोळे उघडले, जीभ पुढे केली आणि सगळं फीड तोंडाने घेतलं. आवाजानेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बाळ दहा-अकरा दिवसांनी मोठंही झालं होतं. आता म्हणे फीडच्या वेळी आईचा आवाज मुद्दाम ऐकवतात. मी मात्र तेव्हा हाती असलेला आवाज बंद केला होता.

दोन आठवड्यांत मुलीची सुट्टी झाली. अंगावर लावून पाहिली, पण तोवर विमलचं दूध आटलं होतं. पोर वरच्या दुधावर घरी गेली.

निघताना विमल माझ्या पाया पडली. “तुम्ही व्हतात म्हनीसन मनी पोर वाचनी, बाई,” म्हणाली. तिच्या सासूनेही हात जोडले. मी दोघींना “नीट जा” म्हणाले आणि आत आले.

बाळ निळं पडलं तर काय करायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घोटून शिकवलं होतं. त्यानंतर खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईला खरं कसं सांगायचं, ते मला रिटायर होईपर्यंत जमलं नाही.