खालचा कॉन्टॅक्ट

चहा आधी संपवून टाका. कारण हे ऐकल्यावर माझ्याकडे बघत तुम्हाला चहा पिता येईल याची मला खात्री नाही. सासूबाईंना तर पुढे कितीतरी दिवस माझ्यासमोर घोट गिळता येत नव्हता.

२००८ सालची गोष्ट. आम्ही शॉमबर्गला राहायचो, शिकागोच्या बाहेर. मंजिरीला दिवस गेले होते आणि तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं, बाळ किंवा सिगरेट, तू ठरव. मी बाळ ठरवलं. पण ठरवणं वेगळं आणि हाताला सांगणं वेगळं. मीटिंगमध्ये मी पेन्सिली चावायला लागलो.

तेव्हा ऑफिसातल्या गॅरीनं मला वाचवलं. या गॅरीच्या घरी लेथ मशीन आहे, आणि लेथ मशीन असलेला माणूस स्वस्थ बसत नाही. त्यानं पितळेची एक नळी बनवून दिली. दिसायला छोट्या टॉर्चसारखी. आत एक बॅटरी, खाली एक बटण. बटण दाबलं की खालचा कॉन्टॅक्ट बॅटरीला टेकतो, वरचा कॉन्टॅक्ट करंट पुढे नेतो, एक तार तापते आणि तिच्यावरच्या औषधाची वाफ होते. ती ओढायची. निकोटिन मिळतं, धूर नाही, राख नाही. आज गल्लोगल्ली मिळतं हे, पण तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. ‘बॅटरीवरची सिगरेट’ म्हटलं तर लोक तुमच्या कपाळाला हात लावून बघायचे.

आता या नळीत ना चिप, ना सर्किट. सगळा खेळ त्या दोन कॉन्टॅक्टवर. औषध ओघळतं, पितळ काळं पडतं, आणि मग बटण कितीही दाबा, वाफ येते ती मांजरानं फुंकर मारल्यासारखी. म्हणून गॅरीनं शिकवलं होतं. आधी बॅटरी बाहेर काढ. मग इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून आटे पूस, कॉन्टॅक्ट पूस, फारच काळा असेल तर खोडरबरनं हलकेच घास. वाळू दे. मग जोड. ‘हलकेच’ हा शब्द त्यानं दोनदा उच्चारला होता. माझ्या डोक्यात राहिलं ते फक्त ‘घास’.

सगळं छान चाललं होतं. आणि मग बाळंतपणासाठी सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेतला व्यसनमुक्ती सप्ताह त्या जातीनं घ्यायच्या. लग्न ठरताना त्यांना सांगितलं गेलं होतं की मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. कुणी सांगितलं ते विचारू नका, माझ्याच आईनं, देवासमोर बसून. त्यामुळे मंजिरी म्हणाली, ‘आईला ती नळी दिसता कामा नये. नाहीतर माझं बाळंतपण बाजूला राहील आणि ती तुझंच काढेल.’

मग मी साफसफाई गॅरेजमध्ये हलवली. ऑफिसातून आलो की वॉशिंग मशीनशेजारी बादली पालथी घालून बसायचं, कापूस, स्पिरिट, औषधाची छोटी बाटली, तारेचं वेटोळं समोर मांडायचं, आणि एक डोळा मिटून नळीत बघत घासत राहायचं. खरं सांगू? त्या घासण्याचीच मला सवय लागली होती.

एका संध्याकाळी मागचं दार उघडलं. सासूबाई. कांद्यांचं पोतं गॅरेजमध्ये असायचं हे मी साफ विसरलो होतो. मी पटकन सगळं डिटर्जंटच्या डब्यात कोंबलं. काळे झालेले कापसाचे बोळे तेवढे जमिनीवर राहिले.

‘कांदे घ्यायला आले होते,’ त्या म्हणाल्या, आणि कांदे न घेताच परत गेल्या.

मला हायसं वाटलं. बाईंना काही दिसलं नाही, असं समजलो. माझ्या अकलेची कल्पना तुम्हाला इथेच यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचं वागणं बदललं. माझ्यासाठी संत्री सोलून ठेवायला लागल्या. जेवताना माझ्या डोळ्यांत टक लावून बघायच्या. एकदा म्हणाल्या, ‘तुम्ही अर्ध्या बाह्यांचे शर्ट का नाही घालत?’ नोव्हेंबर चालू होता, बाहेर बर्फ भुरभुरत होतं. तरी त्यांचं मन राखायला मी घातला. त्यांनी माझे दोन्ही कोपर उलटसुलट निरखले आणि सुस्कारा सोडला. घरातले चहाचे चमचे एकेक करून नाहीसे व्हायला लागले आणि त्यांच्या पर्सला कुलूप आलं. मी मंजिरीला म्हणालो, ‘आईंचा माझ्यावर भारी जीव जडलाय.’ ती म्हणाली, ‘हो रे, रात्रंदिवस तुझ्याचबद्दल विचारते.’

त्या शनिवारी दुपारी मंजिरी मैत्रिणीबरोबर बाळाची खरेदी करायला गेली होती. बेल वाजली. दारात देशमुख काका.

देशमुख काका आमच्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने. निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. आणि मंडळात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट म्हणजे काका दर कार्यक्रमात ‘गाडीत मफलर राहिला’ म्हणून बाहेर जातात आणि पार्किंगमध्ये सिगरेट ओढून येतात. सासूबाईंशी त्यांची ओळख दिवाळीच्या फराळाला झालेली. पण तो धागा माझ्या डोक्यात जुळलाच नाही. मला वाटलं, मंजिरीनं यांना नळीबद्दल सांगितलं असणार. बिचाऱ्यांना सिगरेट सोडायची असेल.

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. काका माझ्या अगदी जवळ येऊन बसले आणि खांद्यावर हात ठेवला.

‘सुहास, मला सगळं कळलंय. लाजू नकोस. यातून बाहेर पडता येतं.’

‘तेच तर काका,’ मी म्हणालो. ‘याच्यामुळेच मी बाहेर पडलो.’

काका आणखी पुढे सरकले. कधीपासून घेतोस, असं विचारलं. जूनपासून, मी सांगितलं. दिवसातून कितीदा? म्हटलं, तसं मोजत नाही, पण संध्याकाळी साफसफाई चुकली की दुसऱ्या दिवशी जोर येत नाही.

‘साफसफाई?’

‘कापसानं. स्पिरिट लावून.’

काकांनी मान डोलावली. ‘निदान तेवढी काळजी घेतोस. बरेच जण घेत नाहीत.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुझा कॉन्टॅक्ट कोण आहे?’

मला वाटलं, वय झालं, शब्द इकडेतिकडे होतात. ‘एक नाही काका, दोन आहेत. एक वरचा, एक खालचा. वरच्याचं काही नाही. खालचा फार त्रास देतो.’

स्वयंपाकघरात कपबशी फुटल्याचा आवाज आला.

‘कसला त्रास?’

‘दुर्लक्ष केलं की सगळं बंद पाडतो. मग त्याला बाहेर काढायचा, चांगला घासायचा, की येतो वठणीवर.’

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. ‘मंजिरीला हे माहीत आहे?’

‘माहीत? कापूस तीच आणून देते. परवा माझं बोट पोचत नव्हतं, तर तिनंच केलं. एवढं पोट सांभाळत.’ आणि मग, काका चष्माच पुसत बसलेले बघून, त्यांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, ‘तुम्हालाही एक आणून देतो. ऑफिसातला गॅरी घरीच बनवतो. टीममधल्या दोघातिघांना मीच लावलंय.’

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तिथेच, उंबरा नसलेल्या त्या दारात, जमिनीवर बसल्या.

‘पोरीला पण?’ त्या म्हणाल्या. ‘सातव्या महिन्यात? अहो, तुम्ही माझ्या पोरीला पण गर्द दिलंत?’

गर्द! मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. संत्री. कोपर. चमचे. कोपरावर सुईच्या खुणा शोधल्या होत्या आणि गर्द चमच्यात तापवतात म्हणून चमचे लपवले होते, हे कळलं तेव्हा मला स्वतःचीच दया आली. माझ्या सासूच्या घरात, म्हणजे माझ्याच घरात, गेले कित्येक दिवस मी गर्दुल्ला म्हणून वावरत होतो आणि आग्रहानं वाढून घेत होतो.

मी हातापाया पडलो. म्हटलं, गर्द नाही, बॅटरीवरची सिगरेट आहे. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती त्यांची धंद्यातली नजर होती. मी गॅरेजमध्ये धावलो, नळी आणली, म्हटलं, हे बघा, वाफ बघा, आणि बटण दाबून ओढली.

काही नाही.

पुन्हा दाबलं. नुसते गाल आत गेले. आणि मग आठवलं. त्याच दिवशी सकाळी, खोडरबरनं समाधान होईना म्हणून, मी खालचा कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासला होता. आरशासारखा चकाकत होता. पण घासून घासून इतका आखूड झाला होता की आता बॅटरीपर्यंत पोचतच नव्हता. माझ्या निर्दोषपणाचा एकुलता एक पुरावा मी माझ्या हातानं झिजवून टाकला होता. तरी मी ओढत होतो. कोरडी पितळी नळी तोंडात धरून, डोळे मोठे करून, दोन ज्येष्ठ माणसांसमोर.

काका हळुवारपणे म्हणाले, ‘होतं असं, सुहास. आपल्याला वाटतं, धूर येतोय.’

सासूबाई आवाज न करता रडत होत्या. साताऱ्याला फोन करायला हवा, म्हणत होत्या. मंजिरीला आणि बाळाला घेऊन जाते, म्हणत होत्या. आणि अशा वेळी माणूस विचार करत नाही हो, माणूस धावतो. मी ड्राइव्हवेवर धावलो, गाडीची डिकी उघडली, स्टेपनी उचलली, तिच्याखालचं सिगरेटचं पाकीट काढलं आणि तिथेच, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, बर्फात उभा राहून एक पेटवली.

‘बघा,’ मी ओरडलो. ‘ही! एवढंच माझं व्यसन! दुसरं काही नाही!’

दोघं गॅरेजच्या उघड्या शटरमध्ये उभे राहून बघत होते. मी इतक्या सराईतपणे नाकातून धूर सोडला की काकांना ताबडतोब पटलं. त्यांच्या नाकपुड्याही हलल्या. सासूबाईंनी तर हात जोडले. मला जन्मात कुणी इतक्या कृतज्ञतेनं सिगरेट ओढताना बघितलेलं नाही.

तेवढ्यात मैत्रिणीची गाडी वळली. मंजिरी उतरली, एका हातात पिशव्या, एक हात पोटावर. सासूबाई तिच्याकडे जवळजवळ पळत गेल्या. ‘मंजू, काही नाही गं, काही नाही! फक्त सिगरेट ओढतात!’

जगात एकाच माणसाला पटलं होतं की मी सिगरेट सोडलीय. ते माणूस आता माझ्या हातातल्या थोटकाकडे बघत होतं. खरं तर जूनपासून मी एकही ओढली नव्हती. ते पाकीट नुसतं अडीअडचणीला असावं म्हणून होतं. पण नाकातून धूर येत असताना हे कसं सांगणार?

‘पाकीट कुठे होतं?’ मंजिरीनं विचारलं.

‘स्टेपनीखाली.’

तिनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. मग अगदी शांतपणे म्हणाली, ‘आणि दुसरं?’

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शपथेवर सांगतो, नाही काढलं. फक्त माझी नजर, गाढवासारखी, आपोआप गॅरेजच्या कोपऱ्यातल्या गवत कापायच्या लॉनमोअरकडे गेली.